मोकळ्या हवेतला गोड पाव

१९ एप्रिल

ती. दादा,

नमस्कार. आधी हात पूस आणि मग पाकीट फोड. तुझ्या हाताचं पीठ कागदाला लागलं की शाई फुटते, आणि हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय. एवढी मेहनत वाया जाऊ नये.

तीन वर्षांत माझी एक ओळ नाही आणि आज एकदम जाडजूड पाकीट आलं म्हणून घाबरू नकोस. इकडे सगळं ठणठणीत आहे. हिची शाळा चालू आहे. यंदा तिला चौथीचा वर्ग दिलाय, त्यामुळे घरी माझ्याशी बोलतानाही मधूनमधून "कळलं का?" असं विचारते. माझी पाण्याची मीटरं वाचायची नोकरी बरी चाललीय. दिवसभर पायी हिंडायचं, लोकांच्या बागांत शिरायचं, लोखंडी झाकण उचलायचं, आकडा लिहायचा, झाकण लावायचं, पुढचं घर. सोळा कुत्री ओळखीची झालीत, त्यातली चौदा मित्र आहेत. उरलेल्या दोघांसाठी खिशात बिस्किटं ठेवतो. ती विकतची असतात, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

वहिनींना माझा नमस्कार सांग. त्यांचे गुडघे आता कुरकुरत नसतील अशी आशा आहे.

तर लिहायला कारण असं झालं, दादा, की मी पाव भाजला.

तोही बाबांचा गोड पाव. मनुका, संत्र्याची साल, दालचिनी, सगळं तसंच. आणि भट्टीत नाही. तळ्याकाठी, तंबूसमोर, बिडाच्या पातेल्यात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. तू नाक मुरडलं असशील हे मला इथून दिसतंय. पण पुढे वाच.

पातेलं हिनं जुन्या बाजारातून आणलं. असं जड की बसच्या कंडक्टरनं हिला विचारलं म्हणे, याचं तिकीट काढलं का. घरी आणलं तेव्हा आतून बाहेरून गंजलेलं होतं. मी चार संध्याकाळी ते घासलं, तेल चोपडून तीनदा तापवलं, तेव्हा कुठे काळं कुळकुळीत झालं. झाकणाला कडेनं ताटासारखा काठ आहे, म्हणजे वर निखारे ठेवले तरी घसरत नाहीत. त्यात रस्सा शिजवायचा असा हिचा बेत होता. तिच्या शाळेतली मंडळी दरवर्षी तळ्याकाठी तीन दिवस तंबू ठोकून राहतात, आणि यंदा हिनं मला न विचारता आमची नावं देऊन टाकली. मी म्हटलं, जन्मभर गादीवर झोपलेला माणूस जमिनीवर झोपला तर जमीनच तक्रार करेल. ती म्हणाली, जमिनीचं जमीन बघून घेईल, तू मोजे भर.

आता एक कबुली, आणि ही पहिली आणि लहान आहे. भिंगरी आमच्याबरोबर होती.

तुझी मुलगी तुला "मैत्रिणींबरोबर जाते" असं सांगून निघाली, ती मैत्रीण म्हणजे तिची काकू. त्या दोघी गेलं वर्षभर एकमेकींना पत्रं लिहितात, हे मलाही तळ्यावर पोचल्यावर कळलं. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागाव, माझ्या खात्यावर आधीच इतकं आहे की थोडं आणखी चालेल. तेवीस वर्षांची झाली रे ती. मी तिला शेवटचं पाहिलं ते तिच्या पदवीच्या समारंभात, तेव्हा तू सभागृहाच्या त्या टोकाला होतास आणि मी या टोकाला. तू मान हलवलीस, मी हलवली, आणि दोघं फोटोच्या वेळी कुठे गायब झालो कुणाला कळलं नाही. आता ती बसमधून उतरली तर पाठीवर पिशवी, हातात पिशवी, आणि हातातल्या पिशवीत काय? चार किलो मैदा, यीस्टची डबी, मनुका, लोणी, अंडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. म्हणाली, काका, मला आजोबांचा गोड पाव शिकायचाय. बाबा शिकवत नाहीत. तुम्ही गेल्यापासून त्यांनी तो भाजलाच नाही.

हे मला माहीत नव्हतं, दादा. मला वाटायचं तू कुणा कारागिराला हाताशी घेऊन तो करत असशील. अख्ख्या गल्लीला त्या पावानं शनिवार कळायचा.

मी तिला आधी नाही म्हटलं. मग ते तळं, ती स्वच्छ हवा, आणि तिचा चेहरा बघून अर्धवट हो म्हटलं. मी सांगेन, हात तू लाव, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी लाकडी फळी घेऊन झाडाखाली बसल्या आणि मी वीस पावलं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसलो. का, ते पुढे सांगतो. भिंगरीला वाटलं काका आळशी झालेत.

तिथून मी ओरडून ओरडून सूचना देत होतो. दूध कोमट कर, बोट बुडवलं तर गरमही वाटू नये आणि गारही. साखर त्यात. यीस्ट वर भुरभुरवून थांब, घाई नको. फेस आला का? आला म्हणाली. किती आला? तर म्हणे पुरेसा. बाबा असते तर "पुरेसा म्हणजे किती" या एका प्रश्नावर तिला अर्धा तास उभी केली असती. मैदा पडायला लागला तेव्हा मी मान फिरवून तळ्याकडे बघत बसलो.

पीठ काही जमेना. आधी सैल झालं म्हणून तिनं मैदा टाकला, मग घट्ट झालं म्हणून हिनं दूध ओतलं, मग परत मैदा. दोघींच्या कोपरापर्यंत चिकट राडा. आम्हाला मनुका पेरलेला पाव हवा होता, आणि तिथे विटा जोडायचा चुना तयार होत होता. शेवटी भिंगरी उभी राहिली, दोन्ही हात शिंपल्यासारखे पुढे धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला पिठाचा खरंच इतका कंटाळा आलाय?"

ती कुत्सितपणे नाही बोलली. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ते जास्त लागलं.

मी उठलो. हिला म्हटलं, मैद्याची पिशवी बांध आणि लांब नेऊन ठेव. फळीवरचा कोरडा मैदा ओल्या फडक्यानं पुसून घे. हिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पुसून घेतला. मी नाकाला रुमाल बांधला. भिंगरी हसली, म्हणाली, काका दरोडा घालायला निघाले. मी हात धुतले, लोणी लावलं आणि तो गोळा पुढ्यात ओढला.

दादा, हात विसरत नाहीत. डोकं विसरतं, पाय तर रस्ता रोज विसरतात, पण हात नाही. तळव्यानं ढकललं, दुमडलं, पाव वळसा, पुन्हा ढकललं. दहाव्या-बाराव्या वळशाला पीठ फळीला चिकटायचं थांबलं. विसाव्याला ते माझ्याशी बोलायला लागलं. मी आत लोणी कालवत गेलो आणि ते कानाच्या पाळीसारखं मऊ आणि गुळगुळीत झालं, आणि मी एकीकडे माझ्या छातीकडे कान लावून होतो. श्वास आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. शिट्टी नाही, घरघर नाही. इतक्या साध्या गोष्टीनं माणसाला रडू येतं हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते रुमालानंच टिपलं. भिंगरीला मी धूर लागला म्हणून सांगितलं, आणि तोवर चूल पेटलेलीच नव्हती.

मग पीठ फुगवायचं कुठे? बाहेर वारा होता. हिनं पातेल्यात पीठ ठेवलं, वर फडकं टाकलं आणि पातेलं आपल्या स्लीपिंग बॅगेत घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून, तंबूत उन्हाच्या कडेला ठेवून दिलं. शेजारच्या तंबूत एक निवृत्त बसचालक होते, हिच्या शाळेतल्या शिपाईकाकांचे मेहुणे. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणतात. ते काडेपेटी मागायला आले, तंबूत डोकावले, ती गळ्यापर्यंत पांघरलेली गुबगुबीत आकृती पाहिली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, बाळ किती महिन्यांचं? ही म्हणाली, चाळीस मिनिटांचं. त्यांना खरं कळेपर्यंत ते चवड्यांवर चालत होते.

त्यानंतर ते आमच्या चुलीपासून हललेच नाहीत. तीस वर्षं इंजिनाची उष्णता पायाशी घेऊन बसलेला माणूस, आगीतलं आपल्याला कळतं असा त्यांचा दावा. पीठ फुगून दुप्पट झालं, आम्ही त्याचे दोन गोळे केले, पहिला पातेल्यात बसवला. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, खालून दणदणीत आग हवी, गाडी खालूनच तापते. आणि मी, सव्वीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस, त्यांचं ऐकलं. पाऊण तासानं झाकण उचललं तर वरून पाव नवरीच्या गालासारखा लाजरा आणि खालून रस्त्यावरचं डांबर. ड्रायव्हरसाहेबांनी तो काळा तळ खरवडून, वरचा भाग अत्यंत गंभीरपणे खाल्ला आणि म्हणाले, रस्ता खराब होता पण गाडी चांगली आहे.

दुसऱ्याच्या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही. खाली मूठभर निखारे, कडेनं गोल, मध्ये काही नाही. झाकणावर त्याच्या दुप्पट. दर दहा मिनिटांनी पातेलं पाव वळसा फिरवायचं, झाकण उलट्या बाजूनं पाव वळसा. भिंगरी घड्याळ धरून बसली होती. पंचवीस मिनिटांनी वास सुटला. तो वास लिहिता येत नाही आणि तुला लिहायची गरजही नाही. एकेका तंबूतून माणसं बाहेर आली. हिच्या मुख्याध्यापिकाबाई, ज्या वर्षभर कुणाशी हसत नाहीत, त्या ओंजळीत बशी धरून रांगेत पहिल्या उभ्या होत्या. झाकण उघडलं. बदामी रंग, वर साखरेची चकाकी, एका बाजूला मनुका फुटून रस ओघळलेला. टिचकी मारली, पोकळ आवाज आला.

भिंगरीनं पहिला तुकडा तोडला, खाल्ला, आणि बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, बाबांनी हा खायला हवा होता. असं म्हणून तिनं अर्धा पाव गुंडाळून बाजूला ठेवला. त्यासाठी ती मुख्याध्यापिकाबाईंच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली, हे तुला सांगायला हवं. तो अर्धा पाव या पत्राबरोबरच भिंगरीच्या हाती तुझ्याकडे येतोय.

आता दादा, इथपर्यंत मी मजेत लिहिलं. पहिली दोन पत्रं मी इथेच संपवली होती आणि म्हणूनच फाडली.

संध्याकाळी आम्ही तळ्यावर भांडी धूत होतो. भिंगरी आपली बेकरीतल्या गोष्टी सांगत होती. नवा काउंटर कसा केलाय, सकाळची गर्दी, तू गिऱ्हाइकांना कसा दटावतोस. आणि त्या ओघात हसत हसत म्हणाली की बाबा हल्ली सकाळी चाळणीजवळ उभे राहिले की पंधरा-पंधरा शिंका देतात. डोळे लाल होतात, नाक वाहतं. आई म्हणते थंडी, बाबा म्हणतात आजोबा सांगायचे ना, बेकरीवाला शिंकला की पाव फुगतो. गंमत म्हणजे सुट्टीच्या दिवशी त्यांना एक शिंक येत नाही.

माझ्या हातातली बशी पाण्यात गेली. भिंगरी म्हणाली, काका, काय झालं?

दादा, माझं अगदी असंच सुरू झालं होतं.

आधी शिंका. मग डोळे. वर्षभरानं सकाळी खोकला, मग जिना चढताना धाप, आणि शेवटी मैद्याचं पोतं उघडलं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं. तू कोपऱ्यावरच्या दुकानात गेलास की मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहायचो, भिंतीला हात लावून. तुला वाटायचं हा चुकारपणा करतो. शेवटी हिनं मला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकर मारायला लावली, दंडावर कसले कसले थेंब टाकून टोचलं, आणि मैद्याच्या थेंबाखाली ही एवढी गांध उठली. बेकरीवाल्यांना होतो तो पिठाचा दमा, म्हणाल्या. धुळीनं होतो. आधी आला असतात तर काही करता आलं असतं, आता भट्टी सोडा, नाहीतर छाती सोडा.

मी भट्टी सोडली. आणि तुला सांगितलं की मला कंटाळा आलाय.

ती सकाळ तुला आठवते. कारागीर समोर होते, पहिला घाणा बाहेर आला होता. मी म्हटलं, रोज तेच पीठ, तीच भट्टी, मला नाही जमत आता. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालास, "अॅप्रन खुंटीला लाव." मी लावला आणि निघालो.

खरं का नाही सांगितलं, हे तू विचारशील. कारण मी तुला ओळखतो. माझं नख दुखलं तर तू आपलं बोट बांधून बसणारा माणूस. बाबांचा हात भाजला तेव्हा तू बोटीवर वायरलेसवाला म्हणून रुजू व्हायला निघाला होतास, पेटी भरलेली होती. मी चौदा वर्षांचा होतो. तू पेटी उघडलीस, कपडे परत फळीवर ठेवलेस आणि दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर उभा राहिलास. कुणी तुला सांगितलं नव्हतं, आणि पुढे कधी तू ते बोलूनही दाखवलं नाहीस. मला दमा झालाय हे कळलं असतं तर तू आठ दिवसांत बेकरीला कुलूप लावलं असतंस. ज्या पिठानं माझ्या भावाला आजारी केलं ते मला नको, असं म्हणाला असतास. माझ्यासाठी तू एकदा सगळं सोडलंस. दुसऱ्यांदा सोडू नयेस, एवढंच डोक्यात होतं. रागावलेला माणूस काम करत राहतो, असा माझा हिशोब. तो हिशोब अर्धाच बरोबर निघाला. तू काम करत राहिलास, पण त्या धुळीत उभा राहून, एकटा, आणि तुला सावध करायला मी तिथे नव्हतो. मी ते पहिल्या दिवशी बोललो असतो तर तू तीन वर्षांपूर्वीच तोंडाला फडकं बांधलं असतंस.

भिंगरीला मी तिथे पाण्याकाठी सगळं सांगितलं. ती गुडघ्यात हनुवटी घालून ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला कंटाळा आला नव्हता."

मी म्हटलं, "एक दिवससुद्धा नाही."

तिनं उरलेली भांडी धुतली. सगळी. मला हात लावू दिला नाही.

तेव्हा आता ऐक, आणि या वेळी मी धाकटा असूनही ऐक. डॉक्टरीणबाईंचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. या आठवड्यात जा, भिंगरीला घेऊन जा, तिचीही छाती तपासून घे. ट्रिप संपल्यावर मी स्वतः त्यांना जाऊन विचारून आलो. त्या म्हणाल्या, नुसत्या शिंकांवर असेल तर बहुतेक वेळा सावरता येतं. चाळायचं काम बंद डब्याच्या यंत्रात. पोतं झटकायचं नाही. फरशी झाडायची नाही, ओली पुसायची. चांगला मास्क, आणि मागची खिडकी, जी तू थंडीच्या नावाखाली बारा महिने बंद ठेवतोस, ती उघडी. बेकरी बंद करायची काही गरज नाही. हे वाक्य दोनदा वाच.

मला ओल्या पिठाला हात लावायची मुभा त्यांनीच दिली होती, एकदा करून बघा म्हणून, उघड्यावर, दम्याचा पंप खिशात ठेवून. पंप खिशातच राहिला.

रागावला असशील तर रागाव. पण आधी डॉक्टरकडे जाऊन ये आणि मग रागाव. वाट बघतोय.

तुझ्यापासून एक श्वाससुद्धा लपवायला नको होता हे उशिरा कळलेला,

तुझा धाकटा



२ मे

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. अक्षर माझं आहे कारण तुमच्या दादांनी चार दिवसांत चार कागद घेतले आणि चारहींवर "प्रिय" एवढंच लिहून ठेवलं. शेवटी म्हणाले, तू लिही, मी सांगतो. आणि आता सांगायला बसले तर नुसते खिडकीबाहेर बघताहेत. तेव्हा मीच सांगते.

तुमचं पत्र त्यांनी काउंटरमागे उभं राहून वाचलं. गिऱ्हाईक समोर उभं, यांचं लक्ष नाही. मध्ये एकदा हसले, मला वाटलं बरी बातमी आहे. मग पुढची पानं वाचताना खाली बसले. पत्र संपल्यावर मागच्या अंगणात गेले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. मी जवळ गेले तर विचारतात, तो इथेच उभा राहायचा का? मला काय माहीत हो, मी काय सांगणार. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांपासून इतकं लपवता की आम्हा बायकांना पोस्टमनच्या भरवशावर राहावं लागतं.

पाव त्यांनी उभ्यानं खाल्ला. पूर्ण. मला आणि भिंगरीला एकेक घास दिला आणि बाकीचा कागदावरच्या चुऱ्यासकट संपवला.

दुसऱ्या दिवशी दुकान कारागिरांवर सोपवून आम्ही तिघं तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई अगदी तुम्ही म्हणालात तशाच, खुर्चीवर बसायच्या आत रागावायला सुरुवात. यांच्या दंडावर गांध उठली. पण छाती अजून स्वच्छ आहे, भाऊजी. नळीत फुंकर इतकी जोरात मारली की बाई म्हणाल्या, पुरे, यंत्र सरकारचं आहे. भिंगरीला काहीही नाही. तिनं यंत्रापुढे आपणहून दोनदा फुंकून दाखवलं.

आल्या आल्या यांनी मागची खिडकी उघडली. ती पंधरा वर्षांत उघडली नव्हती, चौकटीसकट हातात आली, सध्या तिथे नुसतं भोक आहे आणि हवा छान येते. चाळायचं नवं यंत्र पुढच्या आठवड्यात येतंय. सगळे कारागीर मास्क लावून हिंडतात, फक्त मोठ्या कारागिरानं पहिल्या दिवशी मिशी दाबली जाते म्हणून तक्रार केली. यांनी त्याला तुमची गोष्ट सांगितली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, जिथे तुम्ही ते कंटाळ्याचं बोलला होतात तिथेच उभं राहून. माझा भाऊ आजारी होता आणि त्यानं मला सांगितलं नाही, कारण मी दुकान बंद केलं असतं, आणि तो बरोबर होता, मी केलंच असतं. असं म्हणाले. मोठ्या कारागिरानं मुकाट्यानं मास्क लावला.

माझे गुडघे कुरकुरतातच. पण परवा यांना शीळ घालताना ऐकलं आणि जिना उतरून बघायला गेले, तेव्हा दुखल्याचं लक्षात आलं नाही.

आता म्हणताहेत, कागद दे इकडे. देते. जाऊबाईंना सांगा, ते पातेलं मला बघायचंय.

तुमची वहिनी



धाकट्या,

मी त्या दिवशी "का" असं एकदा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर आधीच पटलं होतं. मलाही बोटीवर जायचं होतं ना, म्हणून मला वाटलं तुलाही कुठेतरी जायचं असेल. तू खोटं बोललास ही तुझी चूक. मी ते इतक्या सहज खरं मानलं ही माझी. बरोबरी झाली.

येत्या रविवारी बेकरी बंद ठेवतोय. आम्ही तिघं सकाळच्या बसनं येतो. तुझ्या घरामागे मोकळी जागा आहे असं भिंगरी म्हणते, तिथे चूल करून ठेव. सामान आणू नकोस. मैदा इथेच मास्क लावून भिंगरी भिजवेल, आणि पिठाचं पातेलं मी मांडीवर घेऊन येईन. वाटेत किती फुगायचं ते फुगू दे. कोरडा कण तुझ्या दारात येणार नाही, हे माझ्याकडे लागलं.

मळायचं तू. मी बाजूला बसेन.

तुझा,
दादा